आक्कांचा नळ

आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर डाग पडला तो ऐन माघात. पावसाळा केव्हाच सरला होता, त्यामुळे पावसावर खापर फोडायची सोय नव्हती. बाथरूमच्या भिंतीला लागून जो कोपरा आहे तिथे, चहा सांडून वाळावा तसा पिवळट डाग. सुरुवातीला बशीएवढा होता. मी नवऱ्याला म्हटलं, "वर बघा जरा." त्यांनी पेपरातून मान वर केली आणि म्हणाले, "जुना असेल." आमच्या घरात जे काम त्यांना करायचं नसतं ते नेहमी जुनं असतं.

मी शाळेत गणित शिकवते. चुका शोधणं हा माझा धंदाच आहे, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतोही. मी स्टुलावर चढले आणि पेन्सिलीने डागाच्या कडेने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी डाग रेघेच्या बाहेर आला. पुन्हा रेघ मारली, पुन्हा तो बाहेर. आठवड्याभरात छतावर टेकडीचा नकाशा तयार झाला. एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती लक्षात आल्याचा मला अभिमानही वाटला. डाग सकाळी ओला असायचा आणि संध्याकाळपर्यंत थोडा सुकायचा. म्हणजे पाणी सकाळी येत होतं. सकाळी कुठून येणार? वरून.

वर आक्का राहायच्या. आमची इमारत मंगळवार पेठेतल्या एका गल्लीत आहे. खाली दुकानांचे गाळे, पहिल्या मजल्यावर आम्ही, दुसऱ्यावर आक्का आणि त्यांच्या डोक्यावर गच्ची. आक्का म्हणजे काही आमच्या नात्यातल्या नव्हेत, पण सगळी गल्ली त्यांना आक्काच म्हणायची. सत्तरी ओलांडलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकट्या. एकुलता एक मुलगा इचलकरंजीला, त्याचे तिथे माग आहेत. तो दर दिवाळीला विनवण्या करायचा, आई, चल आता आमच्याकडे. आक्का त्याला म्हणायच्या, "माझं हातपाय चालतंय, डोस्कं चालतंय. ज्या दिवशी डोस्कं चालायचं थांबंल त्या दिवशी न्हे." मुलगा एकटाच परत जायचा. आईपुढे कोण बोलणार?

आता पाण्याचं सांगायला हवं. आमच्या भागात नळाला पाणी पहाटे येतं, पण पहाट म्हणजे नक्की कधी ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून रात्री झोपताना नळ उघडाच ठेवायचा आणि त्याखाली एक स्टीलचं ताट पालथं घालायचं, ही गल्लीतली जुनी रीत. पहिली धार ताटावर पडली की असा काही आवाज होतो की मेलेला माणूसही उठून बादली लावेल. आक्कांचं ताट आमच्या डोक्यावरच वाजायचं. खोटं कशाला बोलू, आम्ही गेली कित्येक वर्षं आमचा नळ उघडा ठेवलाच नव्हता. त्यांचं ताट वाजलं की मी उठायचे आणि आमचा नळ सोडायचे. आयत्या पिठावर रेघोट्या.

डागाला ओल धरली आणि पोपडे सुटायला लागले तेव्हा मी प्लंबरला बोलावलं. तो आला, छताकडे बघून त्याने जीभ टाळ्याला लावून आवाज केला आणि म्हणाला, "वैनी, ह्ये वरच्या बाथरूमचं काम हाय. सांगून टाकतो." मी म्हटलं, सांगून टाकू नका, बघून या. मग तो वर गेला. मीही मागोमाग गेले. आक्कांनी आम्हाला आधी बसवलं, पाणी दिलं, आणि काय झालंय ते कळल्यावर स्वतःच म्हणाल्या, "नीळ टाकून बगा की पान्यात. खाली निळं दिसलं तर माझं." त्यांनीच कपड्यांच्या निळीची बाटली काढून दिली. प्लंबरने बाथरूमच्या फरशीवर निळं पाणी ओतलं, जाळीजवळ साचू दिलं.

आम्ही खाली येऊन छताकडे बघत बसलो. निळं काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं नाही, तिसऱ्या दिवशीही आलं नाही. डाग मात्र पिवळाच, आणि वाढतच होता. प्लंबर फोनवर म्हणाला, "रंग अडकतो वैनी सिमीटात. पानी येतं, रंग न्हाय येत." शाळेतल्या एखाद्या पोराने मला असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला अख्खा तास उभा केला असता. पण प्लंबरचं मी मानलं, कारण उत्तर मी आधीच काढून ठेवलं होतं आणि हे त्याच्याशी जुळत होतं. या निळीची आठवण आली की आजही माझी मलाच लाज वाटते.

त्यातच चटणीचं झालं. आमच्याकडे उन्हाळ्यात वर्षभराची कांदा-लसूण चटणी होते, आणि तिची बरणी नेमकी त्याच कोपऱ्यातल्या फळीवर. एका सकाळी फडकं सोडलं तर ते ओलं, आणि आत चटणीवर पांढरी बुरशी. चटणीला पाणी लागलं की ती संपलीच. मी ती बरणी तशीच कडेवर घेऊन वर गेले. अंगावरच्या गाऊनमध्येच, केसही न विंचरता.

आक्का दार उघडून उभ्या होत्या. मी म्हटलं, "आक्का, नळ उघडा ठेवता आणि झोपून राहता. पाणी वाहून जातं आणि आमचं घर भिजतं. तुमच्या लक्षात राहत नाही आता."

त्या म्हणाल्या, "मी झोपत न्हाय गं. ताट वाजलं की उठतीच."

"एखाद्या दिवशी नसेल वाजलं. एखाद्या दिवशी तुम्हाला ऐकू आलं नसेल. विसरता तुम्ही, आक्का. वय झालं."

हे मी बोलले. ताट रोज वाजत होतं हे मला माहीत होतं, कारण त्या ताटावरच मी उठत होते. पण हातात बुरशीची बरणी असताना माणूस स्वतःची साक्ष स्वतःच फिरवतो. आक्कांनी बरणीत वाकून पाहिलं. मग आत गेल्या आणि आपल्या बरणीतली चटणी डबाभर आणून माझ्या हातात दिली. "माझ्यामुळं गेली तुजी. ह्ये ने," म्हणाल्या. आणि मी तो डबा घेतला. नको म्हणण्याइतकाही चांगुलपणा त्या सकाळी माझ्यात नव्हता.

त्याच दुपारी मी त्यांच्या मुलाला फोन केला. वरून आव आणला काळजीचा. "तुमच्या आई हल्ली विसरायला लागल्यात. नळ उघडा राहतो सकाळी. आज पाणी आहे, उद्या गॅस राहिला तर?" गॅसचं मी का बोलले कोण जाणे. आक्कांनी गॅस उघडा ठेवलेला मी कधी पाहिला नव्हता, ऐकलाही नव्हता. बोलण्याच्या ओघात आलं, आणि ते फार पटण्यासारखं वाटलं. मुलगा म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. आमाला तिकडनं काय कळतंय?"

पुढच्या दिवसांत आक्का बदलल्या, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. त्या दिवसातून दोनदा खाली यायच्या, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून वर बघायच्या. "वाढला का गं?" मी म्हणायचे, वाढलाय. मग त्या परत जिना चढायच्या. पहाटे ताट वाजलं की एक कळशी भरून त्या लगेच नळ बंद करायच्या. दूधवाल्याच्या बायकोकडून कळलं की त्या आंघोळही धड करत नाहीत, तांब्याभर पाण्यात अंग पुसून घेतात, खाली गळायला नको म्हणून. ऐकून मला कसंसंच झालं. आपण थांबवायला हवं असं वाटलंही. पण घरात येऊन पाहिलं तर डाग पुन्हा रेघेबाहेर, मग माझा राग परत जागेवर. म्हटलं, चोरून वापरत असतील पाणी. असं मी मनात म्हटलं, एका अशा बाईबद्दल जिने माझ्या बाळंतपणात महिनाभर रोज सकाळी डिंकाचा लाडू आणून दिला होता.

मुलगा एका रविवारी गाडी घेऊन आला. आक्कांनी वाद घातला नाही. मला वाटलं होतं, त्या त्याला चार गोष्टी ऐकवतील आणि परत पाठवतील. पण त्यांनी पिशवी भरली, देव एका डब्यात घेतले. मुलाने मुख्य कॉक बंद केला, दाराला कुलूप लावलं. जिन्यात त्या माझ्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "कुलूप लावलंय ना गं? तू बगितलंस न्हवं?" मी म्हटलं, लावलंय. त्या एक पायरी उतरल्या आणि परत वळून म्हणाल्या, "नीट बगितलंस न्हवं?"

दुसऱ्या दिवशीपासून आम्ही उठेनासे झालो. पाणी यायचं आणि जायचं, आणि आम्ही घोरत पडलेलो. नवरा म्हणाले, "आता आपलंच ताट घालायला हवं."

आणि डाग सुकला नाही. पहिले काही दिवस मी स्वतःची समजूत घातली की स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी आहे, निघायला वेळ लागणार. रेघ मारणं मात्र मी थांबवलं होतं. का थांबवलं होतं, ते मला ठाऊक होतं. पुढच्या रविवारी सकाळी, सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर, पोपडे खरवडून काढावेत म्हणून मी उलथनं घेऊन स्टुलावर चढले. आधाराला डावा हात छताला टेकवला, आणि हात तसाच राहिला. छत कोमट होतं. तापलेल्या दुधाच्या पातेल्याच्या झाकणाला हात लावावा तसं, ऊन ऊन. वरचं घर कुलूपबंद, कॉक बंद, आणि आमचं छत गरम.

मी खाली उतरून स्टुलावरच बसले. गरम पाणी. वर आक्कांकडे गरम पाणी यायचं ते गॅसवरच्या पातेल्यातून. गच्चीवरचा सोलर आमचा. आणि तेव्हा मला आठवलं, जे इतक्या रेघा मारताना एकदाही आठवलं नव्हतं. सोलर बसवला तेव्हा पाइप बाहेरच्या भिंतीवरून आणला तर पाणी थंड होईल म्हणून मिस्त्री म्हणाला होता, वरच्यांच्या बाथरूममधून खाली घेऊ, जवळ पडेल. मीच आक्कांना विचारायला गेले होते. त्यांनी कपाळाला आठीही न घालता आपली फरशी फोडू दिली होती. "घाला की. तुमच्या पोरांना सकाळी ऊन पानी मिळंल," म्हणाल्या होत्या. आमचा पाइप त्यांच्या फरशीखालून जात होता, आणि रोज सकाळी आमच्या आंघोळींचं ऊन पाणी आलं की तापून सैल झालेल्या सांध्यातून ते गळत होतं. म्हणूनच नीळ आली नाही, म्हणूनच डाग सकाळी ओला. आक्का विसरतात म्हणून मी त्यांना आणि त्यांच्या मुलाला सांगितलं, आणि विसरले होते मी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते यालाच.

मी गच्चीवर जाऊन सोलरचा कॉक बंद केला. आम्ही बादलीत हीटर घालून आंघोळी केल्या. चार-सहा दिवसांत डागाची कड सुकत आत आली. मग मुलाकडून किल्ली मागवून फरशी उकरली तर वळणावरचा सांधा गंजून चाळण झालेला. प्लंबर म्हणाला, "बगा, मी म्हटलं न्हवतं, वरच्या बाथरूमचंच काम हाय?" त्याच्या दृष्टीने त्याचं बरोबरच होतं.

नवरा म्हणाले, "झालं ते झालं. पाइप बदलला. आता कशाला उकरायचं? त्याही तिकडे सुखात असतील." मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पेपर वर केला. मी मुलाला फोनवर सगळं सांगितलं. तो भला माणूस, रागावला नाही. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. म्हणाला, "व्हय, पण आता राहू दे हितंच. पाइप तुमचा असंल, पण आई खरंच इसरती हो. दिवसातनं धा वेळा इचारती, गॅस बंद हाय का." हे त्यांना कुणी शिकवलं, ते फक्त मला माहीत होतं.

गंजलेला सांधा कागदात गुंडाळून मी इचलकरंजीची एसटी धरली. त्यांच्या गल्लीत शिरल्यापासून मागांची खटखट, बोललेलं ऐकू येईना. आक्का आतल्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. सुनेला चहा टाकायला सांगितला. मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, "आक्का, पाणी तुमचं नव्हतंच. आमच्या सोलरच्या पाइपचं होतं. हा बघा सांधा. चूक माझी. तुम्ही काही विसरला नव्हता." त्यांनी तो लोखंडाचा तुकडा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि परत कागदात ठेवला. मग माझा हात धरून मला जवळ बसवलं.

"माज्यासाठी एवढ्या लांब खोटं बोलायला आलीस व्हय?" म्हणाल्या. "नको गं बाय. तुजं मन मोठं हाय, मला ठावं हाय."

मी शपथा घेतल्या, चित्र काढून दाखवलं, पाइप कसा जातो, पाणी कुठे गळतं. फळ्यावर समजावते तसं समजावलं. त्या शांतपणे ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या, जशी मी मागच्या बाकावरच्या पोराच्या थापा ऐकताना हलवते. शेवटी म्हणाल्या, "तू शिकलेली. तू येवडं बगून, रेगा मारून सांगितलंस. तू का उगं बोलशील? माजंच मला कळंना झालंय आता."

रडू आलं, आणि मी रडलेही, सुनेसमोर. पण माझ्या रडण्याने त्यांना आणखीच खात्री पटली की मी त्यांची कीव करते आहे.

मी हट्ट धरून त्यांना परत आणलं, हे मात्र केलं. मुलाला म्हटलं, मी बघते, जबाबदारी माझी. आता त्या वरच आहेत. रोज सकाळी मी वर जाऊन येते. त्या विचारतात, नळ बंद हाय का, मी म्हणते, बंद आहे. गॅस? बंद आहे. तुम्हीच बंद केलात, आक्का, मी काही केलं नाही. त्या म्हणतात, "आज केला आसंल. उद्याचं काय सांगावं?" त्यांना परत घरी आणणं सोपं होतं. मी त्यांच्यातून जे काढून घेतलं ते कोणत्या एसटीने आणायचं, ते मला ठाऊक नाही.

परवा त्यांच्या भजनी मंडळातल्या बायका आल्या होत्या. पौर्णिमेला वाडीला दत्ताच्या दर्शनाला जायचं ठरत होतं. आक्का दरवेळी सगळ्यांच्या पुढे असायच्या, गाडी ठरवायच्या, डबे कुणी काय आणायचे ते सांगायच्या. मी नेमकी तेव्हा वर होते, त्यांच्या गॅसकडे बघत. आक्का म्हणाल्या, "मी न्हाय येत. मी इसरती आता. कुटंतरी चुकायची, तुमाला घोर." बायका म्हणाल्या, असं काय आक्का, तुम्ही आणि विसरता? त्यावर त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"इचारा की हिला. हिच्याच ध्यानात आलं पयल्यांदा."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "खोटं आहे ते. त्या काहीही विसरत नाहीत. चुकलं होतं माझं." स्पष्ट म्हटलं, मोठ्याने म्हटलं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे फार मायेने पाहिलं. त्यातली थोरली उठली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आक्कांना म्हणाली, "नशीबवान हाय बघा तुम्ही. शेजारीण मिळावी तर अशी."